‘येते’ म्हणून निघा

नमस्कार ताई,

मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी शाळा. आमच्याकडची बहुतेक घरं ऊसतोडीला जातात. पट ३१ आहे, पण दिवाळीनंतर वर्गात रोज सतरा-अठरा लेकरंच असतात.

प्रश्न दुसरीतल्या एका मुलाचा आहे. त्याचे आईवडील दरवर्षीसारखे कोयत्यावर गेले. यंदा घरात तान्हं बाळ आहे, त्याला सांभाळायला म्हणून चौथीतल्या बहिणीलाही सोबत नेलं. हा आजीजवळ राहिला. टोळीची गाडी पहाटे निघाली तेव्हा हा झोपेत होता. रडून गोंधळ घालेल म्हणून कुणी उठवलं नाही.

तेव्हापासून रोज साडेअकराच्या सुमाराला त्याचं पोट दुखतं. दोन-तीनदा शाळेतच चड्डीत लघवी झाली, आधी कधी झाली नव्हती. दप्तर पाठीवरून काढत नाही, खिचडी खातानासुद्धा. दुपारी बसल्या बसल्या डुलक्या घेतो. आणि कुणाचा नुसता धक्का लागला तरी मारतो. परवा एका मुलीच्या हाताला चावला. माझ्या सोबतचे सर वयाने मोठे आहेत, मनाने चांगले आहेत, पण ते म्हणतात, ‘मॅडम, नाटकं आहेत ही. दोन ठेवून द्या, पोट दुखायचं थांबेल.’

मानसिक आरोग्याचं एक प्रशिक्षण झालं. दिवसभर स्लाइड बघितल्या, ग्रुपवर फोटो टाकले. पण या एका लेकराचं काय करायचं ते तिथे कळलं नाही. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. माझा स्वतःचा मुलगा चार वर्षांचा आहे. सकाळी सातची एसटी गाठायची म्हणून तो झोपेत असतानाच मी निघते. घरी आले की या मुलाचा चेहरा आठवून रडू येतं. काय करू?

— एक शिक्षिका, बीड जिल्हा

•

ताई,

आधी पोटाचं बघू. ते खरंच दुखतंय. सात वर्षांच्या मुलाकडे ‘मला धास्ती वाटते’ हे वाक्य नसतं, त्याच्याकडे पोट असतं. आणि त्यात नाटक काही नाही, मोठ्यांचंही तेच होतं. आपण म्हणतोच ना, पोटात गोळा आला, पोटात खड्डा पडला, पोटात कालवतंय. भीती आली की आतडी आवळतात, कळ येते. सरांना हे जरूर सांगा. त्यांचंही पोट कधीतरी पंचायत समितीच्या पायरीवर दुखलं असेल.

पण पोट मनामुळे दुखतंय असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. आधी डॉक्टर. पूर्वी कधी न होणारी लघवी आता होतेय, म्हणजे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग आहे का, हे साध्या लघवीच्या तपासणीत कळतं. बद्धकोष्ठ असेल तर पोटही दुखतं आणि लघवीही सुटते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जंत आहेत का, रक्त कमी आहे का, तेही बघून घ्यावं. आणि एक गोष्ट फार जपून बघा: तो सारखं पाणी पितो का, सारखा लघवीला जातो का, गेल्या महिन्याभरात वाळलाय का? तसं असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि रक्तातली साखर तपासायला सांगा. लहान मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो आणि त्यात दोन-चार दिवसांचा उशीरही महागात पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्याची वाट पाहत बसू नका. आजीला एक दिवसाचा रोज बुडवणं जड जाईल, म्हणून आशाताईंना सोबत घ्या. त्या मुलाला आणि आजीला दोघांनाही ओळखत असतील.

आता साडेअकरा. ती तुमची छोटी सुट्टी असावी असा माझा कयास आहे. या सुट्टीत दिवाळीपर्यंत काय होत होतं ते जरा आठवून बघा. चौथीतली बहीण दुसरीच्या रांगेत येऊन त्याला घेऊन जात होती का? मुतारीपर्यंत? दाराशी उभी राहत होती का?

हे विचारण्याला कारण आहे. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिलीत एक मुलगी होती, तिची रोज चड्डी ओली व्हायची. मी तिला एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत?’ दीड महिन्यानंतर एकदा मी स्वतः त्या संडासात गेले आणि पाहिलं, आतली कडी तुटलेली होती. दार आपोआप उघडायचं. तिची आतेबहीण दार धरून उभी राहायची, ती पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. या लेकराला एकाच वेळी दार धरता येत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं, म्हणून ती जातच नव्हती. कडी बसवली आणि प्रश्न संपला. माझं ते वाक्य मात्र तिच्या डोक्यात राहिलंच असेल.

तेव्हा उद्या गेल्या गेल्या आधी कडी बघा. त्याच्या उंचीला हात पोचतो का बघा, आत अंधार असतो का बघा, बादलीत पाणी असतं का बघा. एक जादा चड्डी तुमच्या कपाटात ठेवा. पुन्हा तसं झालंच तर काही न बोलता, कुणाला न दिसता त्याच्या हातात द्या, ओली पिशवीत घाला. एवढंच.

यापुढे जे लिहितेय तो माझा अंदाज आहे, तो तुम्ही तिथे राहून पडताळून बघा. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला शेजारीशेजारी दिसल्या: दप्तर पाठीवर, आणि दुपारच्या डुलक्या. तुम्ही त्या वेगवेगळ्या वाक्यांत लिहिल्यात. आणि त्यांच्या वर, आणखी एका वाक्यात, तो झोपेत असताना गाडी निघाली.

एकदा संध्याकाळी आजीकडे जा आणि विचारा, पोरगा रात्री झोपतो का. मला वाटतं तो झोपत नसावा. किंवा डोळा लागला की दचकून उठत असावा, ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराशी जात असावा. त्याच्या बाजूने हिशोब अगदी सरळ आहे. मागच्या वेळी डोळा लागला आणि उठून बघतो तर आई नाही, बाप नाही, ताई नाही, बाळ नाही. मग आता झोपून कसं चालेल? दप्तर खाली ठेवून कसं चालेल? पुन्हा कुणी निघालं तर आपण तयार असलेलं बरं. तो पहाऱ्यावर आहे, ताई. दिवसभर आणि रात्रभर पहारा देणारं माणूस धक्का लागला की मारणारच.

म्हणून दप्तर काढायला लावू नका. सरांनाही सांगा, कुणीच ओढून काढायचं नाही. दप्तरासकट बसू दे.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणतो. बाजारात निघालेली बाईसुद्धा उंबऱ्यावरून ‘येते गं’ म्हणते. ‘जाते’ म्हटलं तर घरातलं म्हातारं माणूस लगेच टोकतं, ‘जाते नको म्हणू, येते म्हण.’ मोठ्यांना आपण इतकं जपतो. पण लहान मुलांना मात्र आपण डोळा चुकवून सोडून जातो. त्यांचं लक्ष टीव्हीकडे वळवतो, बिस्किटाचा पुडा हातात देतो, झोपेत सोडतो. यात दुष्टपणा काही नाही. मूल रडलं की पाय निघत नाही, आणि टोळीची गाडी थांबत नसते. त्या आईने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली आहे, मुकादम दारात उभा आहे, काखेत तान्हं आहे. तीही गाडीत बसून रडलीच असेल. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर रडून निरोप दिलेलं मूल आणि निरोपच न मिळालेलं मूल यांत फार अंतर असतं. पहिल्याला आई गेल्याचं दुःख होतं. दुसऱ्याला दुःख तर होतंच, आणि कोणत्याही क्षणी कुणीही न सांगता जाऊ शकतं, हेही तो त्याबरोबर शिकतो.

मला तुम्हाला सांगायचं ते मुख्यतः एवढंच आहे. या मुलासमोरून इथून पुढे कुणीही न सांगता नाहीसं व्हायचं नाही. निदान शाळेत तरी नाही.

रोज शाळा सुटताना त्याच्या नावाने हाक मारा आणि म्हणा, ‘येते रे. उद्या साडेदहाला मी इथेच आहे.’ आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला खरंच दारात असा. तुम्ही नसणार असाल, तर आदल्या दिवशी सांगा. आपण शिक्षक वर्गातून किती वेळा नाहीसे होतो, याचा हिशोब आपण कधी केलेला नसतो. प्रशिक्षण, केंद्राची शिक्षण परिषद, मतदार यादीचं काम, किरकोळ रजा. मुलं सकाळी येतात आणि बाई नाहीत. का नाहीत, कधी येणार, कुणी सांगत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात एक जागा ठरवून घ्या: ‘बाई उद्या परिषदेला जाणार. परवा येणार.’ वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवा. अचानक रजा पडली तर सकाळी सरांना फोन करून म्हणा, परिपाठाला आधी एवढं सांगा, मग प्रतिज्ञा. पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही, आणि सतरा-अठराच्या सतरा-अठरा लेकरांना ते हवंय, कारण त्यांतल्या कितीतरी जणांची घरं त्याच गाडीतून गेली आहेत.

शाळेची घंटा कोण वाजवतं? असेल कुणीतरी चौथीतला. ती या मुलाकडे द्या. छोटी सुट्टी, मोठी सुट्टी, शाळा सुटण्याची, सगळी. कुणी कधी जायचं हे त्याच्या हातात नव्हतं. निदान शाळा कधी सुटते हे त्याच्या हातात असू दे. फक्त एक पाळा: त्याने कुणाला मारलं म्हणून घंटा काढून घ्यायची नाही. ती बक्षीस नाही, शिक्षाही होऊ नये.

मग कालनिर्णय. एक वर्गात, त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर लावा आणि रोज सकाळी त्याला त्या दिवसावर फुली मारू द्या. पण आई येण्याच्या तारखेवर गोल करू नका. कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे आज मुकादमालाही सांगता येणार नाही, आणि गोल केलेला दिवस कोरडा गेला तर जे थोडं सावरलं असेल तेही मोडेल. त्याऐवजी मधले टप्पे दाखवा. इथे संक्रांत, तीळगूळ करायचा. इथे महाशिवरात्र. इथे होळी. होळी झाली की मग रोज विचारायचं, कारण टोळ्या बहुतेक होळी-पाडव्याच्या आगेमागे परततात. वाट पाहणं मुलाला जमतं, पण त्या वाटेत मधे हात टेकायला जागा लागते.

फोनचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगल्या हेतूनेही घोळ होतो. आठवड्यातून एक वार ठरवा. वेळ मात्र आईवडिलांना विचारून ठरवा. पहाटे फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि गाडी रात्री अपरात्री आली तर तेव्हा उठून भरायची, असा त्यांचा दिवस असतो. बोलणं जमणार नसेल तर आईला सांगा, व्हॉट्सॲपवर एक मिनिट बोलून पाठव. ते फोनपेक्षाही बरं, कारण ते पुन्हा पुन्हा ऐकता येतं. बहिणीचा आवाज तर हवाच. माझ्या मते या मुलाला आईइतकीच, कदाचित शाळेच्या वेळेत आईपेक्षा जास्त, बहीण हवी आहे. आणि त्याला आधीच सांगून ठेवा: ‘कधी कधी फोन लागणार नाही. रेंज नसली, गाडी भरायची असली, तर नाही लागणार. मग आपण दुसऱ्या दिवशी लावू.’

आई काय बोलेल? बहुतेक ‘रडू नको, आजीला त्रास देऊ नको, शहाण्यासारखा राहा.’ बोलू दे, तिचंही मन तिथे अडकलेलं आहे. पण तुम्ही तिच्याशी आधी एकटीशी बोलून घ्या आणि तिला सांगा, एक वाक्य एवढं म्हण: ‘तुला न उठवता आले, माझं चुकलं. पुढच्या वेळी उठवून, सांगून निघीन.’ सात वर्षांच्या मुलाला आईने हे म्हणणं फार मोठं असतं. हे सांगताना तिच्यावर ठपका ठेवू नका. ‘तुमच्यामुळे पोरगा असा झाला’ हे वाक्य, किंवा त्या अर्थाचं कोणतंही वाक्य, फोनवर येता कामा नये. ती तिथून काही करू शकत नाही, फक्त झुरेल.

तुम्ही स्वतः त्याला काय म्हणाल? ‘आई तुझ्यासाठीच कष्ट करते ना’ हे इतक्यात नको. ते खरं आहे, पण त्याला राग आला असेल तर या वाक्याने रागाची लाज वाटते आणि राग आत जातो. त्याच्याशेजारी काहीतरी काम करत बसा, वह्या लावत, तांदूळ निवडत, आणि त्याच्याकडे न बघता म्हणा, ‘आई तुला न उठवता गेली ना. माझ्यासोबत कुणी असं केलं असतं तर मला लई राग आला असता.’ मग गप्प बसा. तो बोलेल किंवा नाही बोलणार. उठून जाईल कदाचित. चालेल. त्याला कुणीतरी ओळखलंय, एवढं त्याच्या कानावर पडलं.

मारण्याचं. हात उचलला की त्याचा हात धरा, घट्ट पण न दुखवता, आणि थोडक्यात म्हणा, ‘मी मारू देणार नाही.’ तेव्हा भाषण नको, ‘का मारलंस’ नको. का मारलं ते त्यालाही ठाऊक नसतं. त्याला बाजूला, तुमच्याजवळ बसवा. श्वास खाली येऊ दे. पाण्याचा तांब्या द्या. नंतर, वर्ग पांगल्यावर, दोन वाक्यं. आणि ती चावलेली मुलगी? तुमच्या पत्रात ती एका ओळीत येते. तिला विसरू नका. तिचा हात बघा, तिच्या घरी तुम्ही होऊन सांगा, तिला म्हणा, ‘तुझं काही चुकलं नव्हतं.’ नाहीतर ज्याला त्रास आहे त्याच्याकडे सगळे बघतात आणि ज्याला त्रास झाला त्याच्याकडे कुणीच नाही, हे मुलांना फार लवकर कळतं.

सरांच्या ‘दोन ठेवून द्या’बद्दल. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) १७व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायलाही मनाई आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. हे त्यांना माहीत असणारच. पण कायदा दाखवून माणूस गप्प होतो, बदलत नाही. त्यांना काम द्या. त्या मुलाचा बाप पाच महिने घरात नाही, आणि शाळेत एक वयस्कर, मनाने चांगला पुरुष आहे. सरांना म्हणा, रोज दहा मिनिटं याला घेऊन झाडांना पाणी घाला. बोलायची गरज नाही, बादली दोघांनी धरायची. महिन्याभराने सरांचं मत विचारा.

प्रशिक्षणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला खूप जणांकडून कळतं. हसरा चेहरा, रडका चेहरा असे भावनांचे तक्ते हल्ली बऱ्याच वर्गांत लागतात, सकाळी मुलांनी एकावर बोट ठेवायचं. मला ते फारसं पटत नाही. चाळीस डोळ्यांसमोर रडक्या चेहऱ्यावर बोट कोण ठेवेल? बाईंना हसरा आवडतो हे मुलांना ठाऊक असतं. त्यापेक्षा ‘आनंददायी शनिवार’ आहे ना, त्यात भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली काढा. ज्यांची माणसं गेलीत त्यांनी ती कुठे आहेत ते शोधायचं: कुणाची कोल्हापूरला, कुणाची सांगलीला, कुणाची नकाशाच्या हद्दीपलीकडे, बेळगावला. आपल्या वस्तीपासून तिथवर दोरा लावायचा. किती किलोमीटर, एसटीने किती तास, वाटेत कोणत्या नद्या. भूगोलही होतो, गणितही होतं. आणि ‘आई गेली’ याचं ‘आई तिथे आहे’ असं होतं. या मुलाला एकट्याला वेगळं काढायचीही गरज नाही.

बहिणीचं नाव हजेरीत आहे ना? ते राहू द्या. तिला शिक्षण हमी कार्ड दिलं का? स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी ते आहे. नसेल दिलं तर अजूनही द्या, आणि ती जिथे आहे तिथल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः फोन करा. दहा वर्षांची मुलगी कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत, बाळ सांभाळत बसलीय. तिचं पोट दुखत असेल तर ते कुणाला कळणारही नाही. पुढच्या वर्षी दोघांना मागे ठेवता येईल का, तुमच्या भागात हंगामी वसतिगृह सुरू होतं का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आधीपासून विचारत राहा. याला मात्र आत्ता, हंगामाच्या मध्यात, आजीकडून उचलून कुठे हलवू नका. एका घरातून उठला तेवढं पुरे.

आणि पुढच्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दसऱ्याआधी घ्या. समितीत पालकच जास्त असतात, म्हणजे जाणारेच. त्यांना सांगा: निघायच्या आठवडाभर आधी मुलाला सांगा. कुठे चाललो, कुणाकडे राहायचं, फोन कधी. निघताना उठवा. रडलं तर रडू द्या. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, बापाचा रुमाल, असं काहीतरी मागे ठेवा. तीस मिनिटांची बैठक आहे ही.

आता तुमची हद्द. हे सगळं चार-सहा आठवडे करूनही पोट, लघवी, झोप यांत काहीच फरक पडला नाही, किंवा तो खायचाच बंद झाला, बोलायचा बंद झाला, मरणाचं बोलू लागला, स्वतःला इजा करू लागला, तर ते तुमच्या एकटीने पेलायचं नाही. मरणाच्या बोलण्याला तर एक दिवसही थांबायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. त्याआधी, आजच, ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करू शकता. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि मुलाबद्दल शिक्षकाने विचारलेलं चालतं.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. आईबाप घरी नसलेल्या मुलाच्या बाबतीत, लघवी आणि झोप बिघडण्याचं कारण कधी कधी वेगळंही असतं. कुणी मोठं माणूस किंवा मोठा मुलगा त्याला त्रास देतोय का, हे मनात असू द्या. त्याने तसं काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, उलटतपासणी करू नका, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. लैंगिक त्रासाची शंका असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. गावात काय म्हणतील याचा विचार तिथे करायचा नाही.

राहिलात तुम्ही. रडू येतं त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवसभर अठरा लेकरांचं बघून आलेल्या बाईला रडू येणारच. पण मला वाटतं, तुम्हाला एकट्या त्या मुलाचं रडू येत नाहीये. सातच्या एसटीचं वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंत, आणि त्याला लागूनच रडण्याचं. तुमच्या मुलाला उद्या साडेसहाला उठवा. अर्धवट झोपेत असला तरी चालेल. कुशीत घ्या, सांगा, ‘शाळेत चालले, दिवेलागणीला येते,’ आणि निघा. पहिले आठ-दहा दिवस तो रडेल, सासूबाई म्हणतील, कशाला उठवलंस. त्यांना म्हणा, सवय होईल. तुमचे दोन दिवस वाईट जातील, एसटीत बसल्यावर जीव तुटेल. पण तो उठून तुम्हाला घरभर शोधणार नाही.

संक्रांतीनंतर मला दोन ओळी पाठवा. कडी बसली का ते लिहा. आणि खिचडीला बसताना दप्तर कुठे असतं तेही.